सापसुरळी मारली गेली, तिच्याबद्दल

गोदातीर | ४ ऑगस्ट, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे नुसती वाचत असते. आज लिहायला बसले, कारण गेले काही दिवस एक गोष्ट मनातून जातच नाहीये.

आम्ही नाशिकला राहतो, पण सासरचं घर आंजनेरीच्या पायथ्याशी, त्र्यंबक रस्त्यापासून थोडं आत आहे. श्रावण लागला की शनिवार-रविवार तिकडेच. गेल्या रविवारी सकाळी पावसाने जरा उघडीप दिली, परसात ऊन आलं. माझी साडेचार वर्षांची लेक मागच्या पायरीवर भाजलेल्या शेंगा खात बसली होती. सरपणाच्या ढिगाखालून एक सापसुरळी निघाली, पायरीवर अंग चपटं करून ऊन खात थांबली आणि जाता जाता लेकीच्या अंगठ्यापाशी घुटमळली. लेक घाबरली नाही. मला हाक मारून म्हणाली, "आई, हिने मला जीभ लावली."

पुढचं सगळं या एका वाक्यावरून घडलं. चुलतसासूबाई "चाटली, सापसुरळी चाटली" करत धावल्या. त्यांच्या माहेरी लहानपणापासून ऐकलेलं, सापसुरळी चाटली की माणूस पाणी मागत नाही. शेजारचा मुलगा फावडं घेऊन आला. दोन घाव घातले. शेपूट तुटून बाजूला पडलं आणि फरशीवर नुसतं उसळत राहिलं. मी लेकीला आत न्यायला हवं होतं. ती तिथेच उभी राहून बघत होती.

पायाला खरचटल्याचीही खूण नव्हती. तरी आम्ही घाबरून जवळच्या एका दवाखान्यात गेलो. तिथे पायाकडे न बघताच "विषारीच असते, वेळेत आणलंत" असं सांगितलं, सलाईन लावलं आणि दुपारी घरी सोडलं. मी काहीच विचारलं नाही.

मारलेल्या सापसुरळीचा फोटो काढून ठेवलाय, बघवत नाही, पण ओळख पटावी म्हणून देते. शेपूट सोडून लांबी माझ्या मधल्या बोटाएवढी. पाठ जुन्या पितळी घंगाळासारखी तपकिरी, वर तेलाचा हात फिरवल्यासारखी चकाकी. दोन्ही कुशींना गडद पट्टा आणि त्यात बारीक पांढरे ठिपके. घशाच्या कडेला आणि बगलेपाशी तांबूस-केशरी झाक होती. ती झाक बघूनच सगळे म्हणाले, बघा, विष भरलंय.

ही कुठली सापसुरळी? ती विषारी असते का? आणि लेक रोज विचारते, शेपूट हलत होतं, जिवंत होतं, मग ती का मेली? याचं उत्तर मला नीट द्यायचंय.

पंचवटीकर | ४ ऑगस्ट, रात्री १०:४०

वाचून वाईट वाटलं. आमच्या वाड्यातही हिला सापाची मावशी म्हणत आणि दिसली की चप्पल शोधत. आजी म्हणायची, साप एक वेळ सोडेल, मावशी सोडणार नाही. जाणकारांच्या प्रतिसादाची वाट बघतोय.

सह्यपथिक | ५ ऑगस्ट, सकाळी ७:०५

गोदातीर ताई, लेकीला आधी एवढं सांगा की तिला कुणी चाटलं नाही, कुणीतरी तिचा वास घेतला.

सापसुरळी जीभ बाहेर काढते ती हवेतले आणि जमिनीवरचे वासाचे कण टिपायला. जीभ आत घेतली की ते कण टाळूत असलेल्या एका खास इंद्रियापर्यंत पोचतात. साप हेच करतो, घोरपडही हेच करते. सापसुरळीची जीभ लहान आणि रुंदसर असते, टोकाला किंचित खाच, त्यामुळे तिचं लुकलुकणं सापाइतकं नजरेत भरत नाही. तुमच्या पायरीवर शेंगांचा, मिठाचा, लेकराच्या पायाचा, किती वास असतील. ती वाट बदलण्याआधी तपासत होती, हे दगड आहे, लाकूड आहे की आणखी काही.

आता विषाचं. सापसुरळ्यांचं कुळ पालींच्या आणि सरड्यांच्या मोठ्या गोतावळ्यातलं. जगात सतराशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातली एकही माणसाला विषबाधा करणारी नाही. विषदंत नाहीत, थुंकीत विष नाही, कातडीत विष नाही. हातात धरली तर घाबरून चावेल, बारीक दातांची चिमटी बसेल, बस्स. चमक येते ती खवल्यांमुळे. कौलांसारखे एकावर एक बसलेले, गुळगुळीत खवले आणि प्रत्येकाच्या आत हाडाच्या नाजूक चकत्या. त्यामुळे अंग टणक लागतं आणि माती चिकटत नाही. लोकांना ही चकाकी विषाची वाटते.

तांबूस झाक विणीच्या हंगामातली. पावसाळ्याच्या सुमारास नराच्या घशाच्या, ओठांच्या, कुशीच्या बाजूला असा रंग चढतो. म्हणजे तुमच्याकडे मारला गेलेला बहुधा नर होता. कोंबड्याचा तुरा लाल होतो, तसंच हे.

शेपटाचं उत्तर लेकीला असं देता येईल. सापसुरळीच्या शेपटाच्या मणक्यांमध्ये तुटण्याच्या जागा आधीपासून ठरलेल्या असतात, दोन मणक्यांच्या सांध्यात नाही, मणक्याच्या मध्यावरच. जिवावर बेतलं की ती तिथले स्नायू आवळते आणि शेपूट सोडून देते. रक्तवाहिन्या लगेच मिटतात, म्हणून रक्त जवळजवळ येत नाही. सुटलेल्या तुकड्यातल्या मज्जातंतूंना मेंदूची गरज नसते, ते काही मिनिटं स्नायू हलवत राहतात. मांजर किंवा पक्षी त्या वळवळीवर झडप घालतो, तेवढ्यात ही दगडाखाली जाते. नंतर शेपूट पुन्हा येतं, पण आत हाडाऐवजी कूर्चेची दांडी असते आणि रंगही थोडा वेगळा. त्या शेपटात तिची चरबी साठवलेली असते, म्हणजे ते टाकणं तिला फुकट पडत नाही. तिने आपली सगळी शिदोरी फरशीवर टाकून दिली होती. फक्त फावड्यासमोर ही युक्ती चालत नाही.

जातीबद्दल सांगायला फोटोत पाठीचे खवले जवळून दिसायला हवेत. रात्री मोठा करून बघतो आणि लिहितो.

रुग्णसेवा | ५ ऑगस्ट, दुपारी २:३०

सह्यपथिक यांच्याशी सहमत. दवाखान्याच्या बाजूने थोडं लिहिते, कारण मी या भागात बरीच वर्षं काम केलंय.

सापसुरळी चावली म्हणून आलेल्या माणसाला उतरवण्यासारखं विषच नसतं. कातडी फाटली असेल तर साबणाने धुवायची, धनुर्वाताची लस झालेली आहे का बघायचं, घरी पाठवायचं. तुमच्या मुलीच्या बाबतीत तर कातडीही फाटलेली नव्हती. सलाईनची गरज नव्हती. तुम्ही त्या वेळी विचारलं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नका. लेकराला घेऊन धावणारी आई तेव्हा वाद घालत नसते.

मला काळजी आहे ती याच्या उलट्या बाजूची. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते. दुखत नाही, सूज नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आवंढा गिळता येत नाही. घरचे म्हणतात, काहीतरी किडूकमिडूक असेल, सापसुरळी असेल, आणि भगताकडे नेतात. भगताकडे सापसुरळीचा रुग्ण दर वेळी बरा होतो, कारण त्याला काही झालेलंच नसतं. त्याच्या मंत्राला यश मिळतं. त्या यशावर भरवसा ठेवून मग मण्यार चावलेला माणूस तिथे नेला जातो आणि हातातले तास निघून जातात.

सापसुरळी विषारी आहे हा गैरसमज म्हणजे नुसता तिच्या जिवाचा प्रश्न नाही, तो माणसाच्या जिवाचाही आहे. काय चावलं ते दिसलं नसेल तर सरळ ग्रामीण रुग्णालय नाहीतर सिव्हिल गाठा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालणारी प्रतिविषाची लस तिथेच मिळते. बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही.

पंचवटीकर | ५ ऑगस्ट, दुपारी ३:०२

रुग्णसेवा, भगताच्या यशाचं हे गणित मी कधी असं बघितलंच नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

रानवाट_पेठ | ५ ऑगस्ट, रात्री ९:१५

आमच्या पेठ भागात सापसुरळी इतकी असते की तिची भीती बाळगली तर शेतात पाऊल टाकता येणार नाही. पण मारतात आमच्याकडेही, ते खोटं कशाला बोलू.

भात-नागलीच्या रोपांसाठी आम्ही राब भाजतो. पालापाचोळा, शेण, डहाळ्या, गवत असं थरावर थर पसरून उन्हाळ्यात पेटवायचं, म्हणजे पहिल्या पावसात रोप जोमाने येतं. रचलेला राब महिनाभर पडून असतो आणि त्याच्याखाली सापसुरळ्या, विंचू, गोमा सगळ्यांचं घर होतं. लहानपणी राब पेटला की कडेने त्या सुळ्ळकन निघायच्या आणि आम्ही पोरं काठ्या घेऊन उभे राहायचो. आता ते आठवलं की नको वाटतं.

मी गेली काही वर्षं दोन गोष्टी करतो. पेटवायच्या आधी काठीने सगळा ढीग खालून हलवून घेतो. आणि आग एकाच कडेने लावतो, चारी बाजूंनी नाही. पुढच्या कडेला बांधाच्या दगडांपर्यंत वाट मोकळी राहते. वडील म्हणाले, वेळ जातो. जातो, पण दहा मिनिटं. बांधाचे दगड मात्र हलवत नाही, तिथेच त्या सगळ्या शिरतात.

डोंगराच्या वणव्याला असली कड नसते. गवत वाळलं की कुणीतरी पेटवतं आणि रात्रभर रांगच्या रांग जळताना दिसते. दुसऱ्या दिवशी राखेतले दगड उलटले की काय सापडतं ते इथे लिहीत नाही.

मळेकरी_दिंडोरी | ५ ऑगस्ट, रात्री १०:५०

सगळ्यांचं पटतंय, पण एक शंका मांडतो, राग मानू नका. माझी द्राक्षबाग आहे आणि घर बागेतच आहे. जिथे सापसुरळ्या जास्त, तिथे साप येतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गेल्या वर्षी पाइपांच्या ढिगापाशी कवड्याने, म्हणजे त्या बिनविषारी पट्टेवाल्या सापाने, सापसुरळी धरली होती, अर्धी गिळलेली. घरात दोन लहान मुलं आहेत. सापसुरळी बिनविषारी असेल, पण ती सापाला निमंत्रण देत असेल तर मी काय करावं?

सह्यपथिक | ६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

मळेकरी दादा, राग कशाचा, तुम्ही बघितलेलं खरं आहे. कवड्याचं मुख्य खाणंच पाली आणि सापसुरळ्या. मण्यारसुद्धा दुसरे साप, पाली, उंदीर खाते. पण नाग, घोणस आणि धामण घराकडे वळतात त्या उंदरांच्या मागे. धान्याची पोती, कोंबड्यांचं खाद्य, जमिनीला टेकून रचलेलं सामान, हे निमंत्रण सापसुरळीच्या निमंत्रणाहून फार मोठं आहे.

सापसुरळ्या मारून साप थांबत नाहीत, कारण त्या ज्या आडोशाला राहतात तो आडोसाच सापाला हवा असतो. म्हणून ढीग हलवा, सापसुरळी नको. पाइप, सरपण, विटा घरापासून लांब न्या आणि जमिनीपासून वीतभर वर, मांडणीवर ठेवा. मुलांच्या पायरीजवळ काही रचू नका. गोदातीर ताईंच्या परसालाही हेच लागू आहे, सरपण पायरीला लागून होतं म्हणूनच भेट झाली. बागेच्या दूरच्या बांधावर मात्र दगड-पालापाचोळा राहू द्या. सापसुरळी दिवसा फिरते आणि नाकतोडे, रातकिडे, वाळवी, अळ्या, कोळी खाते.

आणि कवड्या की मण्यार हे तपासायला जवळ जाऊ नका. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटाकडे पुसट होत जातात, मण्यारीचे मानेपाशी नसतात आणि मागे ठळक होतात, हे वाचायला सोपं आहे. रात्री विजेरीच्या उजेडात भल्याभल्यांची चूक होते.

मळेकरी_दिंडोरी | ६ ऑगस्ट, सकाळी ८:२०

वीतभर वर ठेवायचं डोक्यात आलं नव्हतं. पाइप आजच उचलतो. आभार.

पानगळ | ६ ऑगस्ट, सकाळी ११:३५

अवांतर, पण राहवत नाही. न्यू गिनीच्या पावसाळी जंगलात हिरव्या रक्ताच्या सापसुरळ्या आहेत. रक्त जुनं झालं की त्यातून बिलिव्हर्डिन नावाचं हिरवं द्रव्य तयार होतं. आपलं शरीर ते बाहेर टाकतं, त्यांच्या रक्तात ते इतकं साठलेलं असतं की माणूस त्या प्रमाणात जगणार नाही. जीभ, हाडं, स्नायू सगळं हिरवट. २०१८ च्या एका संशोधनात असं दिसलं की हे हिरवं रक्त त्यांच्यात एकदाच नाही, चार वेगवेगळ्या वेळी उपजलं.

आणि सॉलोमन बेटांवरची एक सापसुरळी झाडावर राहते, पानं-फुलं खाते, शेपटाने फांदी धरते. सगळ्या सापसुरळ्यांत ती सर्वांत मोठी. अंडी घालत नाही, पिल्लालाच जन्म देते आणि पिल्लू बराच काळ मोठ्यांच्या सोबत राहतं.

आपल्याकडेही झाडावर राहणाऱ्या आहेत. दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातली अशी एक जात २०१२ मध्ये नव्याने नोंदली गेली, तिला वन्यजीव अभ्यासक ए. जे. टी. जॉनसिंग यांचं नाव दिलंय. आपण पायरीवर जिला मारतो तिचं कूळ असं जगभर पसरलेलं आहे, हे गोदातीर यांच्या लेकीला ऐकायला आवडेल असं वाटलं म्हणून लिहिलं.

गोदातीर | ६ ऑगस्ट, रात्री ११:०८

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. लेकीला "वास घेतला" असं सांगितलं. ती बराच वेळ स्वतःचा अंगठा नाकाशी धरायचा प्रयत्न करत होती, मग विचारलं, "मला कसला वास येतो?" मी म्हटलं, शेंगांचा.

शेपटाचं सांगितलं तेव्हा ती गप्प झाली. म्हणाली, "तिने शेपूट दिलं होतं ना, मग का मारलं?" यावर मला काही सुचलं नाही. मी एवढंच म्हटलं की आपल्याला माहीत नव्हतं.

फोटोबद्दल काही कळलं का?

सह्यपथिक | ७ ऑगस्ट, सकाळी ७:२२

रात्री बराच वेळ बघितला. आपल्या भागात पायरीशी दिसणाऱ्यांत दोन मुख्य दावेदार. एक मोठी, शास्त्रीय नाव यूट्रोपिस कॅरिनाटा. तोंडाच्या टोकापासून मागच्या पायांपर्यंत बारा सेंटिमीटरच्या पुढेही जाते, कुशीच्या वरच्या कडेला फिकट पिवळसर रेघ असते. दुसरी लहान, यूट्रोपिस मॅक्युलेरिया, साडेसातेक सेंटिमीटरची, कांस्यरंगी पाठ, गडद कुशी आणि त्यावर पांढरे ठिपके. तुमचं वर्णन दुसरीकडे जातं, पण पहिलीचं अर्धवट वाढलेलं पोरही याच मापाचं असतं. म्हणून घाई करत नाही.

खरी खूण खवल्यांवर आहे. यूट्रोपिसच्या पाठीवरचे खवले दुरून गुळगुळीत वाटतात, पण प्रत्येकावर उभे बारीक कंगोरे असतात. कॅरिनाटात ते बहुतेक वेळा तीन किंवा पाच. मॅक्युलेरियात पाच, सात, कधी नऊ. तुमच्या फोटोत उन्हाची चकाकी नेमकी पाठीवर पडल्याने कंगोरे मोजता येत नाहीत.

जिवंत सापसुरळी पकडून मोजू नका, शेपूट टाकेल. त्या सरपणाच्या आसपास आणखी असणारच. बघा, कात सापडते का. सापासारखी सलग निघत नाही, तुकड्यातुकड्याने पडते, पण कंगोऱ्यांचा ठसा तिच्यावर जसाच्या तसा उमटलेला असतो.

रानवाट_पेठ | ७ ऑगस्ट, दुपारी १२:४०

कातीसाठी दगडाच्या खालच्या बाजूला बघा ताई, जिथे दोन दगड एकमेकांना घासतात तिथे. अंग घासूनच काढतात. दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे खाली काही असलं तर ते आपल्यापासून लांब पळेल. आणि ठेवताना हळू, होता तसाच.

गोदातीर | १७ ऑगस्ट, रात्री ९:५५

मधे दहा दिवस इकडे फिरकता आलं नाही, क्षमस्व. काल-परवा पुन्हा गावी होतो.

सासऱ्यांनी सरपण हलवायला लगेच हो म्हटलं. गोठ्याच्या भिंतीकडे चार दगडांवर जुनी फळी टाकून त्यावर रचलं. जुन्या ढिगाच्या जागी खाली काळ्या दगडांचा एक थर आहे, तो कुणी हलवला नाही. रानवाट यांनी सांगितल्याप्रमाणे पलीकडची कड धरून दोन दगड उचलले. पहिल्याखाली गोम. दुसऱ्याच्या खालच्या अंगाला, कडेच्या खाचेत, कांद्याच्या पातळ सालीसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. लेकीच्या नखाएवढा तुकडा आणि त्याच्या बाजूला दोन बारके.

सासऱ्यांचं पोथी वाचायचं भिंग घेऊन खिडकीत बसलो. तुकडा काचेच्या पेल्यावर ठेवला आणि मागून उजेड घेतला. नुसत्या डोळ्यांना जिथे धुरकट चकती दिसत होती तिथे भिंगाखाली खवल्यांची ओळ उभी राहिली, एकात एक अडकलेली, आणि प्रत्येक खवल्यावर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक रेघा, सगळ्या एकाच दिशेला जाणाऱ्या. मी मोजल्या, सासऱ्यांनी मोजल्या, मग लेकीने दाभणाचं टोक एकेक रेघेवर धरून मोठ्याने मोजल्या. पाच. सात. सात. सात. एका खवल्याची कड फाटलेली होती, तो सोडून दिला.

चुलतसासूबाई बाजूला गव्हल्या करत बसल्या होत्या. त्यांना सगळं वाचून दाखवलं, रुग्णसेवा यांचा प्रतिसाद तर दोनदा. त्या म्हणाल्या, "नसेल विष. पण पोरीला जवळ जाऊ देणार नाही मी." मी वाद घातला नाही. मारणार नाही म्हणाल्या का, तर तसंही म्हणाल्या नाहीत. पण शेजारच्या मुलाने विचारलं, फावडं परसात ठेवू का, तेव्हा त्यांनीच सांगितलं, घेऊन जा.

कातीचा फोटो देते आहे.

सह्यपथिक | १८ ऑगस्ट, सकाळी ६:४०

ताई, हा फोटो मी आज दिवसभर उघडून बघणार आहे. दाभणाने कंगोरे मोजणारी साडेचार वर्षांची मुलगी, तिला माझा नमस्कार सांगा.

सात-सात कंगोरे, कुशीचे पांढरे ठिपके, पाठीचा रंग, लांबी आणि पूर्ण वयात आलेल्या नराची तांबूस झाक. ती झाक महत्त्वाची, कारण ती असेल तर हे मोठ्या जातीचं पोर नव्हे, लहान जातीचा वाढलेला नर आहे. सगळं मिळून मी यूट्रोपिस मॅक्युलेरिया म्हणेन. कात त्याच प्राण्याची नसली तरी त्याच घरातली आहे.

हिला एडवर्ड ब्लिथ यांनी १८५३ मध्ये नाव दिलं, ते कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करत. जुन्या पुस्तकांत शोधलंत तर मबुया या नावाखाली सापडेल, २००२ च्या सुमारास आशियातल्या जाती वेगळ्या काढून यूट्रोपिसमध्ये नेल्या. भारत, श्रीलंकेपासून पार व्हिएतनामपर्यंतच्या जंगलांत पालापाचोळ्यात राहणारी ही जात. आणि याच गोतातल्या एकीला आपल्या महाराष्ट्रातल्या जंगलाचं नाव आहे. गडचिरोलीच्या आलापल्लीवरून तिला १९२६ मध्ये आलापल्लेन्सिस म्हटलं गेलं. आंजनेरीच्या कंदीलपुष्पासाठी लोक लांबून येतात, ते यायलाच हवेत. ते फूल बघायला वाकतात तेव्हा बाजूच्या दगडावर ही बसलेली असते.

एक विनंती सगळ्यांना. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला जाणार असाल तर रात्री अनवाणी चालताना विजेरी जमिनीकडे धरा. सापासाठी तर धराच. पण पहाटे ऊन पडल्यावर वाटेच्या कडेला जे चकाकतं ते बहुतेक वेळा हीच असते. बाजूने जा.

रुग्णसेवा | १८ ऑगस्ट, सकाळी ९:१०

गोदातीर, तुमची परवानगी असेल तर कातीचा फोटो मी आमच्या आशाताईंना दाखवेन. त्या घरोघरी जातात, त्यांच्या तोंडून ऐकलेलं लोक मानतात. मण्यार आणि सापसुरळी हे दोन्ही एकाच वेळी सांगता येईल.

गोदातीर | १८ ऑगस्ट, सकाळी ९:४४

जरूर दाखवा.

सातपूर_अनघा | १९ ऑगस्ट, दुपारी ४:१८

नवीन सभासद आहे, हा धागा शोधतच आले. आज गच्चीवरच्या कुंडीखाली हे सापडलं, फोटो देतेय. करंगळीहून बारीक, पाय इतके आखूड की आधी गांडूळ वाटलं, अंगावर फिकट रेघा आणि शेपूट लालभडक. शेजारच्या काकू म्हणतात, लाल शेपूट म्हणजे नक्की विषारी. कुंडी परत ठेवली नाहीये, वर बादली पालथी घातली आहे. काय करू?

सह्यपथिक | १९ ऑगस्ट, दुपारी ४:३१

अनघा ताई, बादली आधी उचला, उन्हात आत तापून मरेल. ही वेगळी आहे, रिओपा पंक्टाटा, मातीत शिरणारी सापसुरळी, आणि हे तिचं पिल्लू. शेपटाचा लाल रंग फक्त पिल्लांत असतो, मोठी झाली की जातो. भक्ष्य शोधणाऱ्याची नजर डोक्याऐवजी शेपटावर जावी म्हणून. हिलाही विष नाही. हात लावू नका, कुंडी होती त्याच जागी, एका बाजूने टेकवून हळू ठेवा. माती ओली आहे ना?

सातपूर_अनघा | १९ ऑगस्ट, दुपारी ४:५०

ओली आहे. बादली काढली, कुंडी ठेवली. मातीत गेलं.